दोन अर्ज



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. "आई, महिनाभर स्क्रीन नको म्हणजे नको," असं सूनबाईंनी बजावलं होतं. महिना संपला, चष्मा आला, आणि दुसऱ्याच दिवशी गावाहून पुतण्याचा फोन आला.

"काकू, एक अर्ज लिहून द्या ना. परवा ग्रामसभा आहे. बिबटे लई झालेत. पिंजरे लावून सगळे उचला आणि लांब नेऊन सोडा म्हणावं, नाहीतर आम्हीच बघतो काय करायचं ते. तुमच्या हातचा अर्ज असला की साहेब लोक वाचतात."

मी "बघते" म्हणाले आणि फोन ठेवला. मग बराच वेळ तशीच बसून राहिले. कारण हाच अर्ज मी एकदा लिहिलेला आहे. २००२ साली. तेव्हाही गावाने मलाच सांगितलं होतं, बाईंचं अक्षर चांगलं म्हणून. त्या अर्जाचा अर्थ मला कळायला पुढे दहा-अकरा वर्षं लागली. आज तेच सांगायचं आहे. लांबेल थोडं. पण जन्मभर इतिहास शिकवलेल्या बाईला दोन ओळींत सांगता येत नाही, हे घरच्यांना माहीत आहेच!

आधी आमच्या भागाविषयी, कारण वाचणाऱ्यांत पुण्या-मुंबईची आणि परदेशातली मंडळीही आहेत. नगर जिल्हा (आता अहिल्यानगर, पण माझ्या तोंडून नगरच जातं) म्हटलं की लोकांना दुष्काळ आणि चारा छावण्या आठवतात. ते पूर्वेकडचं खरंच आहे. पण पश्चिमेला अकोले तालुका आहे (विदर्भातलं अकोला वेगळं!) आणि तिथे सह्याद्री आहे. कळसूबाई, १६४६ मीटर, राज्यातलं सगळ्यात उंच शिखर. हरिश्चंद्रगड, रतनगड. रतनगडाच्या अंगाला प्रवरा उगम पावते. तिच्यावर भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. त्या पाण्यावर खालच्या अंगाला मळे पिकू लागले आणि १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना सुरू झाला. तिथून ऊस वाढत वाढत वर सरकला. आमचं गाव मधल्या पट्ट्यात. वर जंगल, खाली ऊस, मध्ये आम्ही.

वरचं जंगल म्हणजे तरी काय? नकाशात १९८६ साली जाहीर झालेलं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य सलग हिरवं दिसतं. प्रत्यक्षात ते तुकड्यातुकड्यांचं आहे. इथे हिरड्या-जांभळाची गर्द राई, मग उघडा कातळ, मग भाताची खाचरं, मग वाडी, मग पुन्हा राई. दक्षिणेला भीमाशंकर, पश्चिमेला कोकणात उतरलं की तानसा, आणि थेट मुंबईच्या उशाला बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान. सगळी हिरवी ठिगळं. मधला कपडा शेतीचा, रस्त्यांचा, गावांचा.

या ठिगळांत राहणाऱ्या दोन प्राण्यांची गोष्ट अगदी निरनिराळी आहे. पहिला शेकरू, आपला राज्यप्राणी, ती मोठी तांबूस खार. तिच्यासाठी १९८५ साली भीमाशंकरचं अभयारण्य झालं. हरिश्चंद्रगडाच्या बाजूलाही ती आहे. शेकरू झाडावर जन्मते, झाडावर घरटं बांधते, या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारत जगते, जमिनीवर सहसा उतरत नाही. मधली चार झाडं तोडली की तिचा रस्ता संपला. तिच्या दृष्टीने प्रत्येक राई हे एक बेट. दुसरा बिबट्या. त्याला ही ठिगळं वेगळी दिसतच नाहीत. राई संपली की ओढा, ओढा संपला की ऊस, तो आपला चालत राहतो. शेकरूला काय हवं ते आम्हाला चटकन समजलं. झाडं राखायची. बिबट्याचं मात्र आमचं समजायलाच चुकलं. आणि त्या चुकीत माझा स्वतःचा वाटा आहे.

सांगते.

जुनी मराठी शाळा आठवत असेल त्यांना "प्राण्यांची घरे" हा पाठही आठवेल. गाईचा गोठा, घोड्याची पागा, चिमणीचं घरटं, उंदराचं बीळ, सिंहाची गुहा, वाघाची जाळी. मी तेहतीस-चौतीस वर्षं हे घोकून घेतलं. १९९६ च्या आसपासची गोष्ट. चौथीच्या घटक चाचणीत "वाघाची ___" यापुढे एका पोराने लिहिलं, "उसात". मी लाल पेनाने फुली मारली. वर त्याला उभं करून विचारलं, "उसात कुणी पाहिला रे वाघ?" तो म्हणाला, "बाई, आमच्या उसात वाघरानं पिल्लं घातलीत. आज्यानं पाह्यलीत." सगळा वर्ग हसला. मीही हसले. (आमच्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात, वाघरू म्हणतात. पट्ट्याचा वाघ आमच्याकडे कुणी पाहिलेला नव्हता.)

ते पोरगं बरोबर होतं. ऊस बारा ते अठरा महिने उभा असतो. आत सावली, गारवा, शेजारी पाटाचं पाणी, वस्तीवर कुत्री. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला याहून चांगली जागा कुठली? तिथे जन्मलेलं पिल्लू दीड-दोन वर्षं आईमागे हिंडून मोठं होतं आणि त्याला ऊस हेच घर वाटतं. चौथीतल्या मुलाला आजोबांनी पाहिलेलं ठाऊक होतं. बाईला पुस्तकातलं ठाऊक होतं. गुण द्यायचा अधिकार बाईकडे!

पण नुसतं मलाच कशाला बोल लावायचा? मोठ्या माणसांचंही तेच होतं. इंग्रज सरकार वाघ-बिबटे मारणाऱ्याला इनाम देत असे. इतिहासकार महेश रंगराजन यांनी जुन्या नोंदींवरून मांडलेला हिशोब असा, की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात ८० हजारांवर वाघ आणि दीड लाखांवर बिबटे मारले गेले. स्वातंत्र्यानंतरही शिकार चालूच राहिली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि आपलं मेळघाट पहिल्या नऊ प्रकल्पांत आलं. फार मोठं काम झालं, यात शंका नाही. पण त्यातून एक समजूतही पक्की झाली. वन्यप्राणी म्हणजे राखीव जंगलातला प्राणी. अभ्यासकही अभ्यासाला तिकडेच जात. शेतात दिसणारा बिबट्या कुणाच्याच हिशोबात नव्हता. वर्तमानपत्रं आजही कशी लिहितात बघा. बिबट्या वस्तीत "शिरला". "भरकटलेला" बिबट्या. "भक्ष्याच्या शोधात" आलेला बिबट्या. म्हणजे तो पाहुणा, तेही वाट चुकलेला. मग वाट चुकलेल्याला घरी पोचवणं हे पुण्याचं काम नाही का?

तेच झालं. २००१ च्या सुमाराला शेजारच्या जुन्नर भागात (तो पुणे जिल्हा, पण डोंगर एकच) माणसांवर हल्ले फार वाढले. लहान मुलं दगावली. माणसं रस्त्यावर आली. सरकारने पिंजरे लावून बिबटे धरले आणि जंगलांत नेऊन सोडले. एक-दोन नाही, मोठ्या संख्येने. बातम्या आमच्याकडेही पोचत होत्या. २००२ च्या पावसाळ्यानंतर आमच्या गावात एका रात्रीत तीन शेरडं गेली. एका वस्तीवर म्हातारा अंगणात झोपला होता, त्याच्या उशाशी ठसे निघाले. मग पारावर बैठक झाली आणि अर्ज लिहायचं माझ्याकडे आलं.

मी लिहिला, आणि मन लावून लिहिला. "सदर हिंस्र श्वापदास तात्काळ जेरबंद करून त्याच्या नैसर्गिक अधिवासात सोडण्यात यावे." हे वाक्य मला अजून पाठ आहे, कारण तेव्हा ते मला फार आवडलं होतं. दोनशेवर सह्या-अंगठे झाले. पिंजरा आला, आत बकरू बांधलं, आठव्या की नवव्या रात्री मादी सापडली. सकाळी सगळं गाव बघायला. मी शाळेच्या मुलांना रांगेने घेऊन गेले. ती पिंजऱ्याच्या गजांवर तोंड आपटून घेत होती, दात तुटून रक्त येत होतं. मुलं गप्प झाली. मी म्हटलं, "आता ती तिच्या घरी जाणार." टेम्पो गेला. कुठे गेला ते कुणी विचारलं नाही, मीही नाही.

तीन महिन्यांत दुसरा बिबट्या आला. मग पाठोपाठ आणखी एक. गावात म्हणू लागले, वनखात्यानेच आणून सोडलेत. आजही निम्म्या गावाचा हाच समज आहे.

आता त्या काळात जुन्नरला काय चाललं होतं ते सांगते. हे मला पुढे कळलं. विद्या अत्रेय नावाच्या अभ्यासक बाई २००३ पासून तिथे या गोष्टीचा छडा लावत होत्या. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी वनखात्याच्या नोंदी काढून हल्ल्यांचा वर्षवार हिशोब मांडला. मोठ्या प्रमाणावर बिबटे हलवण्याआधी जुन्नर भागात वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. हलवायला लागल्यावर सरासरी १७ झाली. हल्ल्यात माणूस मरण्याचं प्रमाणही दुप्पट झालं. हा निबंध २०११ साली छापून आला. सोडण्याआधी काही बिबट्यांच्या अंगात तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवत, म्हणजे तोच पुन्हा धरला गेला तर ओळखता यावा.

असं का व्हावं? कारण समजलं की अगदी साधं वाटतं. बिबट्याची हद्द असते. त्या हद्दीतले रस्ते, पाणवठे, कुठल्या वस्तीवर कुत्री मोकळी, माणसं किती वाजता निजतात, हे सगळं त्याला पाठ असतं. माणसाला टाळून जगायची त्याची रीतच त्यावर उभी असते. त्याला उचलून शंभर मैलांवर सोडला की तो अनोळखी मुलखात, पिंजऱ्यात जखमी झालेला, बिथरलेला असा परत घराकडे निघतो. वाटेत अनोळखी गावं लागतात. आणि इकडे त्याची हद्द मोकळी होते, तिथे आजूबाजूची तरणी जनावरं घुसतात. त्यांनाही इथलं काही ठाऊक नसतं. म्हणजे एका अर्जाने दोन गावांना घोर!

आमची ती मादी कुठे सोडली, तिने पुढे काही केलं का, हे मला आजतागायत ठाऊक नाही. पण २०११ नंतर हे वाचल्यापासून कुठल्या तरी डोंगरापलीकडच्या गावातलं, मी कधी न पाहिलेलं एक अंगण माझ्या डोळ्यांपुढे येतं. असो.

जुन्नरनंतर अत्रेयबाई आमच्या अकोल्यात आल्या. २००७ च्या सुमाराला. अकोल्यात बिबटे होते, ऊस होता, माणसंही दाट होती, पण जुन्नरसारखं माणसं मरत नव्हती. का नाही, हे त्यांना बघायचं होतं. त्यांच्याबरोबर नॉर्वेचे मॉर्टन ओडन आणि जॉन लिनेल हे शास्त्रज्ञ होते. कॅमेऱ्याने वाघ मोजायची पद्धत कर्नाटकात उल्लास कारंत यांनी बसवली होती, तेही या कामात होते. पद्धत अशी की पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर एकेक कॅमेरा बांधायचा. जनावर मधून गेलं की आपोआप फोटो. दोन कॅमेरे कशाला, तर बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे ठिपके सारखे नसतात, आणि एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखं. म्हणजे फोटो जुळवून खात्रीने मोजता येतं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, आमच्या बांधावर कॅमेरा लावलाय. सासूबाई म्हणतात, पदर नीट घेऊन जात जा!" आम्ही दोघी हसलो. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते.

अभ्यासाचं क्षेत्र होतं १७९ चौरस किलोमीटर. त्यात जंगल जवळजवळ नाहीच, शेती आणि गावं. दर चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर माणसं. २०१३ साली निकाल छापून आला. शंभर चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे, आणि तेवढेच तरस! शिवाय कोल्हे, खोकड, रानमांजर, जवादी मांजर, आणि वाघाटी ही इवलीशी रानमांजराची जात. एवढे बिबटे चांगल्या जंगलातही सापडल्याचं लोकांना नवल वाटलं असतं, इथे तर आमच्या घासाच्या वाफ्यांतून जात होते. आणि अभ्यासाच्या काळात तिथे बिबट्याने एकही माणूस मारला नाही.

विष्ठा तपासून ते काय खातात तेही पाहिलं. सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के. शेळ्या कुत्र्यांच्या कितीतरी पट जास्त असून त्यांचा वाटा ११ टक्केच. कारण शेळ्या रात्री बंद असतात आणि गावकुत्री मोकळी. हे वाचून मला हसू आलं. आमच्याकडे लग्नकार्य झालं की उरलेलं अन्न ओढ्याच्या कडेला टाकतात. त्यावर कुत्री पोसतात, कुत्र्यांवर बिबटे. म्हणजे बिबट्याला आवतण आमचंच.

पुढे पाच बिबट्यांच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणारे पट्टे बांधले. त्यात एक फार नावाजला. नगर जिल्ह्यातल्याच पारनेर तालुक्यात, टाकळी ढोकेश्वरला २००९ च्या उन्हाळ्यात तो विहिरीत पडला. वयस्क आणि शांत, म्हणून त्याला "आजोबा" नाव पडलं. पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडला. आजोबा चालू लागले. मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, रेल्वेचे रूळ ओलांडले, रात्री चालायचं आणि दिवसा दडायचं असं करत महिन्याच्या आत सुमारे १२० किलोमीटर चालून वसईच्या खाडीकडे, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या मुलखात पोचले! वाटेत कुणाला ओरखडाही नाही. मघाशी मी ठिगळं म्हटलं ना, ती या म्हाताऱ्याने चालून शिवून दाखवली. २०११ साली मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेने तो मेला. अंगातल्या चिपमुळे ओळख पटली. २०१४ मध्ये सुजय डहाके यांनी त्याच्यावर "आजोबा" चित्रपट काढला, उर्मिला मातोंडकर अभ्यासक झाली होती. नातवाबरोबर मी तो पाहिला. विहिरीतून वर काढताना सगळे टाळ्या वाजवतात, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या पिंजऱ्यातली मादी होती.

२०११ सालीच केंद्र सरकारने बिबट्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. नुसता दिसला म्हणून धरायचा नाही, सरसकट धरून दुसरीकडे सोडायचं नाही, लोकांशी बोलायचं, गर्दी आवरायची, भरपाई वेळेवर द्यायची. त्यामागे या सगळ्या कामाचा आधार होता.

हे सगळं वाचल्यावर मला माझ्या सासूबाई आठवल्या. आमच्याकडे डोंगरातल्या वाड्यांवर वाघोबाचे दगड आहेत. शेंदूर लावलेले, कुठे वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य. दिवाळीच्या तोंडावर तुम्ही वसुबारस करता, तेव्हा महादेव कोळी आणि ठाकर मंडळी वाघबारस करतात. गुराखी वाघोबाला खिरीचा नैवेद्य दाखवतात आणि गुरं राख म्हणून मागतात. सासूबाई आमच्या वाघोबाला नारळ वाढवत आणि म्हणत, "त्यो हाय. त्यानं त्याच्या वाटंनं जावं, आपण आपल्या." मी बी.ए. झालेली, मला ती अंधश्रद्धा वाटे. नवसाने बिबट्या थांबतो असं मी आजही म्हणणार नाही. पण "तो आहे", तो इथलाच आहे, हे त्या अंगठाबहाद्दर बाईला ठाऊक होतं, आणि कॅमेऱ्यांनी तेच दाखवलं. त्याला वाट चुकलेला ठरवलं ते आम्ही शिकलेल्यांनी.

इथपर्यंत लिहून मला हात वर करता आले असते. पण तसं नाही ना. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला वीस-बावीस दिवसांत तीन माणसं गेली, त्यांत दोन मुलं. आमच्या जिल्ह्यातही मुलं गेली. लोकांनी महामार्ग अडवला. अशा आईपुढे जाऊन "बाई गं, अकोल्याच्या अभ्यासात एकही माणूस मेला नाही" असं मी कोणत्या तोंडाने सांगू? अभ्यास खरा, आणि तिचं पोर गेलं तेही खरं. माणसावर पुन्हा पुन्हा हल्ला करणाऱ्या जनावराचा बंदोबस्त झालाच पाहिजे, कायद्यातही त्याची सोय आहे. जुन्नर भागात बिबट्यांच्या नसबंदीच्या प्रयोगाला परवानगी मिळाल्याच्या बातम्या आल्या. होऊ दे, बघू काय होतं ते. पण त्याच बातम्यांत खाली पुन्हा तीच जुनी मागणी असते. सगळे उचला आणि लांब सोडा. वीस-बावीस वर्षांपूर्वी हेच केलं होतं, आणि चाराचे सतरा झाले होते. एवढी माणसं गमावून मिळालेला धडा आपण विसरायचा?

आणि पुढचं चित्रही दिसतंच आहे. निळवंडे धरणाच्या कालव्यांत २०२३ साली पाणी सुटलं. पिढ्यान् पिढ्या कोरडवाहू असलेल्या गावांना पाणी मिळालं, याचा मला मनापासून आनंद आहे, माझं माहेर तिकडचंच. पण पाण्यामागून ऊस येईल आणि उसामागून तो येईल. त्या गावांना कुणी आधी सांगून ठेवलंय का?

तर मंडळी, पुतण्याला मी अर्ज लिहून दिला. या वेळी टंकून, व्हॉट्सॲपवर. त्यात "हिंस्र श्वापद" नाही आणि "नैसर्गिक अधिवास" हा शब्दही नाही. मागितलंय ते असं. शेतीला वीज दिवसा द्या, कारण रात्री दोन वाजता दारं धरायला जाणारा माणूस वाकून बसलेला असतो आणि बिबट्याला तो लहान जनावरासारखा दिसतो. उसाला लागून असलेल्या वस्त्यांवर आणि शाळेच्या वाटेवर दिवे द्या. ज्यांच्या घरी संडास नाहीत त्यांना द्या. शेरडांच्या गोठ्यांना वरून जाळी बसवायला मदत द्या. भरपाई महिन्याच्या आत द्या. ऊसतोडीला येणाऱ्या मजुरांच्या कोप्या फडाला चिकटून पडू नयेत आणि त्यांच्या पोरांसाठी तोडीच्या काळात बंदिस्त जागा असावी. तोडणीत पिल्लं सापडली तर हात न लावता तिथेच ठेवायची आणि वनखात्याला कळवायचं, त्यांची आई रात्री येऊन घेऊन जाते. गावाने काय करायचं तेही लिहिलंय. उरलेलं अन्न आणि कोंबड्यांची घाण ओढ्यात टाकायची नाही. संध्याकाळनंतर पोरांना एकटं सोडायचं नाही. आणि बिबट्या दिसला तर शंभर माणसांनी मोबाईल घेऊन त्याला घेरायचं नाही. शेवटी, माणसावर हल्ला झाला तर तेच जनावर ओळखून त्याचा तातडीने बंदोबस्त करावा, असंही लिहिलंय.

खाली मी एक ओळ स्वतःची घातली. "२००२ सालचा या गावचा अर्ज मीच लिहिला होता. तो चुकीचा होता."

पुतण्याने वाचून फोन केला. "काकू, एवढं सगळं मागितल्यावर एक तरी मिळंल का? पिंजरा तरी लगेच येतो." त्याचं म्हणणं खोटं नाही. पिंजरा मागितला की पिंजरा येतो. दिवसाची वीज मागितली की तारीख येते. मी म्हटलं, "अरे, पिंजरा आला की दुसरं काहीच येत नाही, हे आपण एकदा बघितलंय."

ग्रामसभेत खूप वाद झाला म्हणे. निम्म्यांनी सह्या केल्या, निम्म्यांनी नाही. सह्या केलेल्यांच्या यादीचा फोटो त्याने मला पाठवला. नावं वाचता वाचता एका नावाशी मी थांबले. चौथीतलं ते "उसात" लिहिणारं पोरगं. आता चाळिशीला आलेला बागायतदार, दोन मुलींचा बाप. त्याने सही केली आहे.

त्याचा तो एक गुण माझ्याकडे अजून बाकी आहे. पुढच्या महिन्यात दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन, ते उरकलं की गावी जाणार आहे, तेव्हा त्याच्या घरी जाऊन सांगेन.

तुमच्याकडच्या वाघोबाच्या किंवा बिबट्याच्या आठवणी असतील तर जरूर कळवा. टंकनाच्या चुका डोळ्याच्या खाती मांडा. चूकभूल द्यावी घ्यावी.